यात पाणी किती?

माझ्या शालूमावशीच्या हातात नवं पुस्तक ठेवलं की ती मुखपृष्ठ पाहत नाही, लेखकाचं नाव पाहत नाही, किंमत तर मुळीच पाहत नाही, कारण पुस्तक मी आणलेलं असतं. ती फक्त विचारते, "यात पाणी किती?"

गवळ्याला विचारावं तशा स्वरात. फरक एवढाच की जे उत्तर ऐकून ती गवळ्याला दारातून हाकलेल, तेच उत्तर पुस्तकाच्या बाबतीत तिला हवं असतं. पाणी भरपूर पाहिजे. जमलं तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाणीच, त्यावर जहाजं, जहाजांवर तोफा आणि खाली एखादी पाणबुडी दबा धरून बसलेली. शालूमावशी समुद्रावरच्या लढायांच्या कादंबऱ्या वाचते. म्हणजे फक्त त्याच वाचते. तिच्या लेखी जगातल्या पुस्तकांचे दोनच प्रकार आहेत, ओली आणि कोरडी.

आता ही बाई कोकणातली असती तर समजू शकलो असतो. मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, जिथली विहीरसुद्धा मार्चमध्ये तळ दाखवते. राहते दिल्लीत, पालमला, तिसऱ्या मजल्यावर. तिथून सर्वांत जवळचा समुद्र गाठायचा तर आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागते. शिवाय तिच्या इमारतीला उन्हाळ्यात पाणी येतं ते टँकरनं. टँकरची वाट पाहत, बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, शेजारी रिकाम्या बादल्या मांडून मावशी अटलांटिक महासागरात असते. खालून कुणीतरी ओरडतं, "टँकर आ गया जी!" मावशी पानात खूण घालते, पुस्तकातल्या लोकांना म्हणते, "थांबा रे, बुडू नका, आलेच मी," आणि बादल्या उचलून जिना उतरते.

ही पुस्तकं पुरवण्याचं काम माझ्याकडे आहे. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव आहे. हे पद ऐकायला जेवढं मोठं वाटतं तेवढंच ते आहे, म्हणजे फक्त ऐकायला. पन्नाशी उलटली, केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, पण मावशीसाठी मी दिलप्याच. "ए दिलप्या, सहा दिवस कोरडे गेले माझे," असा तिचा फोन आला की रविवारी सकाळी मी आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून पिशवी घेऊन जुन्या पुस्तकांच्या बाजाराकडे निघतो. तिथले विक्रेते आता मला ओळखतात. लांबूनच आवाज देतात, "आओ जी, नेव्ही वाले भाईसाब!" त्यातल्या एकाची तर खात्रीच झाली आहे की मी नौदलातून निवृत्त झालेला कुणी अधिकारी आहे. एकदा त्यानं मला सलाम ठोकून पुस्तकांवर सूट दिली. मी पोट आत घेतलं आणि सूटही घेतली.

मावशी तीन भाषांत वाचते. मराठी भाषांतरं ती गिळते, हिंदी पॉकेटबुकं चावून खाते आणि इंग्रजी पुस्तकाशी मात्र शब्दकोश घेऊन कुस्ती खेळते. हिंदीनं तिला सुरुवातीला एकदा चांगलंच फसवलं होतं. तिचे यजमान फौजेत होते. फौजेत जवानांच्या स्वयंपाकघराला 'लंगर' म्हणतात, आणि तिला तेवढाच लंगर माहीत. पहिल्याच हिंदी कादंबरीत कप्तान गरजला, "लंगर उठाओ!" मावशीला वाटलं, शत्रू आला म्हणून बिचारे आधी चूल-भांडी आवरून ठेवताहेत. असं तिनं अख्खं पुस्तक वाचलं. 'लंगर' म्हणजे जहाजाचा नांगर, हे मी सांगितलं तेव्हा ती हिरमुसली. म्हणाली, "तरीच मी म्हणत होते, यांचं जेवायचं इतकं चांगलं बघणारा कप्तान आहे, आणि तरी माणसं वाळलेली कशी?"

जेवण हा तिच्या समीक्षेचा मुख्य निकष आहे. मी स्वतःला वाचणारा माणूस समजतो. बक्षीस मिळालेली पुस्तकं विकत घेतो, त्यातली काही पूर्ण करतो. एकदा मी मावशीला सुधारायचं ठरवलं आणि पाण्याच्या पुस्तकांमध्ये दडवून एक गाजलेली गंभीर कादंबरी दिली. आठवड्यानं तिनं ती परत केली. "शंभर पानं झाली दिलप्या, बाई अजून खिडकीतच उभी आहे. हिला काही कामधंदा?"

मी चिडलो. म्हटलं, "मावशी, तुझ्या त्या लढाया वाचण्यासारख्या नसतात गं. एक जहाज येतं, दुसरं त्याला बुडवतं, मग तिसरं येतं. माणसाच्या आतलं काही असतं का त्यात?"

"आतलं नसतं? अरे, सगळे आतच असतात. बाहेर जाऊन जाऊन जाणार कुठं? चहूकडं पाणी. भांडण झालं तरी त्याच माणसाशेजारी झोपायचं, तोच उद्या तुला दोर टाकणार. तू वाचलंयस का एक तरी?"

"चाळलंय."

"चाळायला ते काय पीठ आहे?"

आणि मग तिनं मला तिचा सिद्धान्त सांगितला. लेखक खरा की खोटा हे कशावरून ओळखायचं? तोफांवरून नाही. तोफा काय, कुणीही उडवतो. ओळखायचं स्वयंपाक्यावरून. "तीनशे माणसं जहाजावर. दोन दिवस लढाई चाललीय. कणीक कुणी मळली? पाणी कुणी दिलं? लेखकाला ठाऊक नसेल तर तो त्या जहाजावर गेलाच नाही, घरी बसून बायकोच्या हातचं खाऊन लिहितोय. बंद कर पुस्तक." ज्या कादंबरीत स्वयंपाकी शेवटपर्यंत जिवंत राहतो, तिला ती 'एक नंबर' म्हणते. जिथं स्वयंपाकी मरतो पण लेखकाला त्याचं वाईट वाटतं, ती 'ठीकठाक'. आणि जिथं स्वयंपाकी नाहीच, तिथं तिचा निकाल हिंदीत येतो, "बिल्कुल बकवास, यार. हे जहाज बुडायलाच पाहिजे."

तिचे यजमान, म्हणजे आमचे सुभेदारकाका, यांचं मत आणखी व्यापक आहे. सगळीच जहाजं बुडायला पाहिजेत. काका पायदळातले. बर्फात, चिखलात, वाळूत आयुष्य काढलेले. नौदल हा विषय निघाला की ते पेपर खाली न करता म्हणतात, "पांढऱ्या कपड्यांत कोण लढतं, यार? क्रिकेट आहे काय?" काकांनी मावशीचं एकही पुस्तक उघडलेलं नाही. मात्र मावशी मला चहाबरोबर गोष्ट सांगत असली की पेपरामागून मध्येच आवाज येतो.

"मग त्या इंजिनवाल्याचं काय झालं?"

"तुम्ही ऐकत नव्हतात ना?"

"नाहीच ऐकत. पण झालं काय त्याचं?"

स्वतःच्या लढाईबद्दल मात्र काका एक अक्षर बोलत नाहीत. लहानपणी आम्ही पोरं त्यांना घेरून बसायचो. काका, गोळी लागली होती का? काका, शत्रू दिसला का? ते विचार केल्यासारखं करायचे आणि सांगायचे, "थंडी फार होती." बस. सगळी फौजेची नोकरी तीन शब्दांत. आता टीव्हीवर कुणी निवृत्त सेनापती नकाशावर काठी फिरवायला लागला की काका आवाज बंद करून नुसती चित्रं बघतात.

मावशीनं प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो साठी उलटल्यावर, रत्नागिरीला नात्यातल्या एका लग्नात. तिला किनाऱ्यावर नेण्याचा मान मी मिळवला. म्हटलं, आयुष्यभर जे वाचलं ते आज समोर दिसणार, डोळे भरून येतील, मी तिला आधार देईन, वगैरे. मावशी पदर खोचून वाळूत उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मी हळूच विचारलं, "काय वाटतं?"

"बरा आहे."

"बरा? मावशी, समुद्र आहे हा!"

"हो रे. पण पुस्तकात जास्त खवळतो." मग तिला बाजूला ओढून ठेवलेली एक मच्छीमार होडी दिसली. मावशी थेट होडीकडे गेली आणि जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारू लागली, बाहेर मुक्काम पडला तर भात कुठं शिजवता. तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत मला हवी होती ती चमक आली.

या सगळ्या वाचनाचा खरा फटका बसला तो तिच्या नातीला, सईला. माझा मावसभाऊ नितीन आणि त्याची बायको पल्लवी दोघंही गुरुग्रामच्या काचेच्या मनोऱ्यांत नोकरी करतात, राहतातही तशाच एका मनोऱ्यात. सईच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या पालमला गेल्या. इतर मुलांना आज्या चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगतात, सईला आजीनं पाणबुडीची सांगितली. परिणाम असा झाला की दिल्लीत वाढलेल्या इतर मराठी मुलांसारखंच तिला 'उंबरा' माहीत नाही, 'फडताळ' म्हटलं तर ती "वो क्या होता है?" करून आपल्या तोंडाकडे बघते, पण डोलकाठी, सुकाणू, पाणसुरुंग हे शब्द ती झोपेतसुद्धा बरोबर वापरते. सहा वर्षांची असताना मोरीचा नळ तुटला तर ही बाहेर धावत आली, "आजी, तळाला भोक पडलं!"

सई इंजिनिअर झाली. गुरुग्राममध्येच नोकरीही लागली. नितीननं नव्या गाडीचा विचार सुरू केला. आणि एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन आला.

"दादा, बोलू शकतोस?"

"मीटिंगमध्ये आहे."

"मग नुसता ऐक. आईला पुस्तकं कोण पुरवतं?"

"मी. का?"

"सई नेव्हीत सिलेक्ट झालीय. ऑफिसर. इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं, आम्हाला आज सांगतेय. तुझ्या त्या सेकंडहँड जहाजांमुळे!"

इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्यावर कसलाही पुरवठा केल्याचा आरोप झाला नव्हता. मी कुजबुजत म्हटलं, "अरे, जहाजं माझी नाहीत." पलीकडून उत्तर आलं, "सप्लायर तूच ना?" समोर बसलेल्या सहसचिवांनी भुवई उचलली. मी फोन ठेवला.

संध्याकाळी उरलेलं कळलं. घरात रण माजलं होतं. पल्लवी रडत होती, नितीन पगाराचे आकडे सांगत होता, आणि सईनं शेवटी एकच अट घातली होती. "आजी नको म्हणाली तर नाही जाणार. बाकी कुणाचं ऐकणार नाही." नितीन हताश होऊन मला म्हणाला, "आई कशाला नको म्हणेल? ती तर बँड लावेल."

मलाही तसंच वाटलं. पण मावशीनं बँड लावला नाही. फोनवर सगळं ऐकून ती फक्त "अच्छा" म्हणाली, आणि, "रविवारी या सगळे. तेव्हा सांगते."

मधल्या एका संध्याकाळी मी पालमला गेलो. आरोपी म्हणून जाताना मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून चांगली जाडजूड कादंबरी नेली. मुखपृष्ठावर तीन जहाजं, तिन्ही जळताहेत. म्हटलं, "मावशी, नुसतं पाणीच पाणी आहे."

"ठेव तिथं," ती म्हणाली. न बघता. मी ती फ्रिजवर ठेवली.

खाली टँकर आला. मावशी खुर्चीवरून उठली. हातात पुस्तक नव्हतं, मांडीवर नव्हतं, बादल्यांच्या शेजारीही नव्हतं. ती खाली गेल्यावर काका माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "दिलीप, ती वाचत नाहीये. तब्येत बरी नाही काय तिची?"

"तुम्ही विचारा ना, काका."

"मी कोणत्या तोंडानं विचारू? मी तर बकवास म्हणत आलो." आणि पेपर उलटा आहे हे माझ्या लक्षात आल्याचं त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो सरळ केला.

रविवारी मी एकटाच गेलो. बायको म्हणाली, "तुझ्यावर खटला आहे, तूच जा." मावशीनं थालीपिठं लावली होती. तिच्या घरात गंभीर विषयाला थालीपीठ लागतं. नितीन सोफ्याच्या टोकावर, पल्लवी त्याच्याजवळ लाल डोळ्यांनी, सई खाली चटईवर, काका त्यांच्या खुर्चीत पेपरामागे. मी दाराजवळ बसलो.

नितीननं सुरुवात केली. "आई, तूच सांग तिला. पुस्तकात वाचायला हे ठीक असतं. फिक्शन असतं ते."

"पुस्तकात काय ठीक असतं रे?" मावशी तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "निम्मी माणसं मरतात."

नितीनला आपल्याच बाजूचा मुद्दा असा अचानक मिळाल्यानं काय करावं कळेना. सईचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "आजी, मला इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, जहाजावर कुणाशिवाय चालणार नाही? मी म्हटलं, कुक. सगळे हसले. मग एका सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, मेरी दादी ने."

मावशीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतेय. मग तिनं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन सईच्या शेजारी चटईवर बसली.

"तू गेलीस, तर मी काय वाचू?"

"आई, चेष्टेची वेळ आहे का ही?" नितीन म्हणाला.

"चेष्टा नाही करत." ती सईशीच बोलत राहिली. "तुझे आबा फील्डला, सीमेवर असायचे तेव्हा आम्ही फॅमिली क्वार्टर्समध्ये. सगळ्या बायका आणि पोरं. तिथं एक रीत होती. कुणी घातली ठाऊक नाही, पण सगळ्याजणी पाळायच्या. लढाईचं नाव काढायचं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की जी जवळ असेल तिनं बंद करायचा. युनिटची जीप गल्लीत शिरली की हातातलं लाटणं थांबायचं. जीप पुढं गेली की परत पोळ्या. आणि हे सुट्टीवर आले की काय सांगायचे? थंडी फार होती. मला वाटायचं, अगं, लढाई म्हणजे असतं तरी काय? आपल्या माणसाला तिथं काय होतं? म्हणून एक पुस्तक उघडलं. त्यात खंदक होता. दोन पानं वाचली आणि मिटलं. त्या खंदकात जो येईल त्याला मला ह्यांचंच तोंड दिसायला लागलं."

काकांचा पेपर हलायचा थांबला होता.

"मग तिथल्या वाचनालयाच्या कपाटात एक जहाजाचं मिळालं. त्यात सगळं होतं गं. धूर, तोफा, भीती, घरची आठवण, सगळं. फक्त जमीन नव्हती. म्हटलं, हे मला चालेल. पाण्यात हे कशाला असतील? कितीही माणसं बुडू देत, यात आपलं कुणी नाही, असं स्वतःला बजावत वाचलं. वाईटच आहे ते. पण वाचलं. दुसरं मिळालं, तिसरं मिळालं. बाकीच्या बायकांना वाटायचं, शालूला समुद्राचं वेड लागलंय." तिनं सईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तिथंही आपलं माणूस जाणार."

मग पेपर खाली आला. काका घसा साफ करून म्हणाले, "सांगायचंस की कधी."

"कुणाला? तुम्ही होतात कुठं?"

"नंतर तरी."

"नंतर तुम्ही चेष्टा करायचात. चेष्टा करायला घरी होतात, तेवढं मला पुष्कळ होतं."

काकांनी खुर्ची थोडी सईकडे वळवली. "भीती वाटते का तुला?"

"थोडी," सई म्हणाली.

"खरं सांग."

"खूप वाटते, आबा."

"मग ठीक आहे. ज्यांना वाटत नव्हती, त्यांच्या शेजारी बसायला मला भीती वाटायची."

'थंडी फार होती' याच्या पलीकडे लढाईबद्दल काकांच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. नितीन बापाकडे बघत राहिला. त्यालाही ते नवीन होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी लहानपणभर तुमची वाट बघितली. आता हिची बघू?"

काका म्हणाले, "हो. आता मीपण आहे बघायला. दोघं मिळून बघू."

मावशीनं सईचा गाल धरला. "जा तू. माझं वाचन बंद होतंय म्हणून तुझं जाणं बंद करू? ह्यांच्या वेळेला मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस तरी." आणि उठता उठता नितीनला म्हणाली, "तू काय बघतोस? पल्लवीला पाणी दे."

नितीन पाणी देऊन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्यानं विचारलं, "थालीपीठ उरलंय का?" आमच्या घराण्यात संमती याच शब्दांत देतात.

सई दक्षिणेत समुद्रकाठी ट्रेनिंगला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी मावशीनं आपली सगळी ओली पुस्तकं दोन गोण्यांत भरली आणि मला फोन केला, "घेऊन जा." मी ती क्वार्टरवर आणली. बायको म्हणाली, "आता आपण बुडणार." गोणी सोडायची नाही असं ठरवूनही एका सुट्टीच्या दुपारी मी त्यातलं एक काढलं. खरं सांगायचं तर चहा गार झाला. एक विनाशिका धुक्यात शत्रूला शोधत फिरत होती. मी पान उलटत होतो आणि मध्येच थांबून मागची पानं पुन्हा पाहिली. किती वेळ झाला, यांना कुणी खायला दिलंय की नाही? दोन पानांनी स्वयंपाकी आला, वाफाळता डबा छातीशी धरून, डोलत्या जिन्यावरून. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारून ते वाचून दाखवलं. असली पुस्तकं वाचण्यासारखी असतात का, यावर माझं मत आता कुणी विचारू नये. मी दुसरं काढलं आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी पालमला गेलो, ते पहिल्यांदाच पिशवीशिवाय. सईचा फोन येऊन गेला होता. कवायतीनं पायाला फोड आले होते आणि जेवण चांगलं होतं. मावशीनं दोन्ही बातम्या मला त्याच क्रमानं सांगितल्या, पण दुसरी जरा जास्त वेळ. काका आतल्या खोलीत टीव्हीसमोर होते, डोळे मिटलेले. मावशीनं चहा ठेवला, एकदा आत वाकून पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन आवाज खाली केला.

"दिलप्या, बाजारात जाशील तेव्हा एक आण. डोंगरातलं बघ. बर्फातलं. पायदळाचं."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"असं काय बघतोस? आता मला चालेल. हे घरीच आहेत." तिनं गाळण्यातून चहा ओतला. "इतकी वर्षं थांबले, आता कळू दे की तिथं काय होतं ते. अडलं तर यांनाच विचारीन."

आतून आवाज आला, "काय विचारायचंय?"

"तुम्ही झोपला होतात ना?"

"नाहीच झोपलो. काय विचारायचंय?"

मावशीनं त्यांचा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, "पुस्तक तर येऊ द्या आधी."